डाव्या बाजूची फुलं

हर्बर्ट टॅटरसॉलनं इंजिन एका जुन्या घोंगडीत गुंडाळून आणलं होतं. घोंगडी उलगडली तेव्हा एडविन ग्रिमशॉला आधी वाटलं, आपल्याला चक्कर येते आहे.

इंजिन दोन फूट लांब होतं. खरा कोळसा खाणारं, खरं पाणी पिणारं, रुळांवर धावणारं वाफेचं इंजिन. पन्नास वर्षांपूर्वी कुणा जाणत्या माणसानं हातानं घडवलेलं. आणि ते अख्खं जांभळं होतं. न्हाणीघराच्या भिंतीला देतात तसलं जांभळं. त्यावर डेझीची फुलं, कुठं बशीएवढी, कुठं बटणाएवढी. देठं वाकडी, रंगाचे ओघळ थेट चाकांपर्यंत आलेले, आणि ड्रायव्हरच्या खोपीला चक्क छापील कापडाचे पडदे.

"शिट्टीचा व्हॉल्व्ह गळतो," हर्बर्ट म्हणाला.

"हं," एडविन म्हणाला. तो फुलांकडे बघत होता.

"बघ जरा. घाई नाही. जे करायला हवं ते कर."

"जे करायला हवं ते म्हणजे?"

"तुला दिसेल तसं," हर्बर्ट म्हणाला, आणि टोपी घालून गेला. चाळीस वर्षं खाटकाचं दुकान चालवलेला माणूस; शब्दही तोलून, कागदात बांधून देत असे.

एडविन बेचाळीस वर्षं बस बांधण्याच्या कारखान्यात रंगखात्यात होता. आता निवृत्त होऊन घरामागच्या शेडमध्ये लोकांची इंजिनं दुरुस्त करून रंगवून देत असे. तीन परगण्यांतून लोक त्याच्याकडे येत. रंगाच्या बाबतीत त्याला दयामाया नव्हती. कुणाच्या दारावर वाळलेल्या रंगात ब्रशचा एक केस चिकटलेला दिसला, तरी त्या घरचा चहा त्याला गोड लागत नसे.

व्हॉल्व्ह वीस मिनिटांत झाला. पुढचे तीन दिवस एडविननं इंजिनाकडे पाठ करून काम केलं. चौथ्या दिवशी त्यानं रंग काढायचं द्रव आणि खरवडायची पत्री उचलली. कामाआधी एक फोटो काढून ठेवायची त्याची पद्धत होती. कॅमेऱ्यात फिल्मचं शेवटचं एकच चित्र उरलं होतं, त्यात इंजिनाची उजवी बाजू आली. मग त्यानं सगळं खरवडलं. अस्तर दिलं, पॉलिश पेपरनं घासलं, आणि गर्द हिरव्या रंगाचे अकरा हात दिले. कडेनं केसासारख्या बारीक पिवळ्या रेघा ओढल्या. पडदे फेकून दिले. पाच आठवडे लागले. इतकं चांगलं काम आपल्या हातून पूर्वी झालं नव्हतं, असं त्याला वाटलं, आणि ते खरंही होतं.

दुसऱ्या दिवशी टपाल कचेरीच्या रांगेत हिल्डा त्याच्या पुढे उभी होती. हिल्डा ही हर्बर्टची मेहुणी, त्याच्या बायकोची, आयव्हीची बहीण.

"आमच्या आयव्हीचं इंजिन तुमच्याकडे आलंय म्हणे," ती म्हणाली.

"हर्बर्टचं आलंय."

"तेच ते. आयव्हीनंच रंगवलं ना ते. टेकडीवरच्या शुश्रूषागृहात होती, शेवटचे तीन महिने. त्याच्याकडून ते मागवून घेतलं आणि पलंगावर बसून रंगवलं. शेवटचं फूल दुपारी काढलं आणि संध्याकाळी गेली. दोन वर्षं झाली. अजून दर रविवारी तो ते एकदा पेटवतो आणि मागच्या अंगणात फिरवतो."

"कुठलं?" एडविननं विचारलं.

"कुठलं काय?"

"शेवटचं फूल."

"धुराड्याशेजारचं. का हो?"

धुराड्याशेजारचं फूल एडविननं एका मंगळवारी, चहा आणि रेडिओच्या बातम्यांच्या मधल्या वेळात, तीन फटक्यांत खरवडलं होतं. तो तिकिटं न घेताच रांगेतून बाहेर पडला.

"सांगून टाक त्याला," त्याची बायको थेल्मा म्हणाली.

"काय सांगू? तुझ्या मेलेल्या बायकोची फुलं खरवडून वर्तमानपत्रावर घेतली आणि कचऱ्यात टाकली?"

"जरा बऱ्या शब्दांत सांग."

"याला बरे शब्द नाहीत, थेल्मा. मी दुपारपासून शोधतोय."

संध्याकाळी त्यानं ठरवलं की इंजिन पुन्हा होतं तसं करायचं. फोटो समोर उभा केला, बिस्किटाचा रिकामा डबा घेतला आणि त्यावर डेझी काढायला बसला. फुलं भिंतीच्या कागदावरच्यासारखी आली. सगळी एका मापाची, पाकळ्या मोजून बारा. त्यानं ब्रश डाव्या हातात घेतला. पण बेचाळीस वर्षांत डावा हात उजव्याकडे बघून बघून शिकला होता. डोळे मिटून पाहिलं. दोन पेग व्हिस्की घेऊन पाहिलं. व्हिस्कीनं हात आणखी स्थिर झाला आणि त्या रात्रीची फुलं सगळ्यांत सुबक निघाली. वाईट रंगवणं ही विद्या त्याला येत नव्हती, आणि शिकवणारं कुणी नव्हतं.

शेवटी त्यानं थेल्माला शेडमध्ये बोलावलं. तिनं डब्यावर पाच फुलं काढली. एडविननं डबा दिव्याखाली फिरवून पाहिला.

"वाकडी आहेत," तो म्हणाला. "पण खुशीत दिसतात."

"मी खुशीत आहे. अडतीस वर्षांत पहिल्यांदा तू माझ्या हाती ब्रश दिलास."

"आयव्ही खुशीत नव्हती."

"मग मला ब्रश द्यायला नको होतास," थेल्मा म्हणाली.

दर दोन दिवसांनी हर्बर्टचा फोन येत होता.

"झालं?"

"एक भाग यायचाय. बर्मिंगहॅमहून."

"शिट्टीला?"

"हो."

"बराच मोठा भाग दिसतोय," हर्बर्ट म्हणे, आणि फोन ठेवून देई.

शिवाय तसला जांभळा रंग कुठल्याच दुकानात मिळेना. एडविननं काहीतरी सबब सांगून हिल्डाला विचारलं, तेव्हा कळलं की रंग शुश्रूषागृहातलाच, न्हाणीघर रंगवून उरलेला. एका गुरुवारी तो टेकडी चढून गेला.

तिथल्या प्रमुख सिस्टर ब्रॅनिगन दारातच भेटल्या. त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, खुर्ची पुढे केली आणि मऊ आवाजात विचारलं, "कुणाला भेटायला आलात, की स्वतःसाठी?"

"जांभळ्या रंगासाठी."

लोकांच्या शेवटच्या इच्छा ऐकून ऐकून सिस्टरना कशाचंच नवल वाटत नसे. त्यांनी किल्ली घेतली आणि त्याला चित्रकलेच्या खोलीतल्या कपाटापाशी नेलं. तळाशी अर्धा डबा होता, वर साय धरलेला. खोलीत खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत एक बाई बसली होती. नाकाला प्राणवायूची नळी, मांडीवर शाल. तिचं नाव बेरिल हॅलिवेल.

सिस्टर गेल्यावर ती म्हणाली, "कोण गेलं तुमचं?"

"माझं कुणी नाही."

"मग चेहरा असा का? हा चेहरा इथं रोज बघते मी. कुणाचं तरी काहीतरी करायचं राहून गेलं की असा होतो."

"माझं उलटं झालंय. मी नको ते करून बसलोय."

"सांगा मला. माझ्याकडून गोष्ट बाहेर फुटायला फारसा वेळ उरलेला नाही."

एडविननं तिला सगळं सांगितलं. बेरिल शेवटपर्यंत ऐकत राहिली, मधे दोनदा दम घेतला.

"म्हणजे तुम्हाला मरणाऱ्या बाईचा हात हवाय," ती म्हणाली.

"मी तसं म्हटलेलं नाही."

"तुम्ही म्हणणार नाही, तुम्ही सभ्य आहात. मी तीस वर्षं बेकरीत लग्नाच्या केकवर साखरेची फुलं काढली. मुद्दाम वाईट काढणार नाही, ते आधीच सांगते. पण हात हलतो माझा, ते तुम्हाला फुकटात मिळेल."

काम वाटून झालं. उजव्या बाजूचा फोटो होता, म्हणून ती एडविननं घेतली. त्यानं स्वतःच्याच हिरव्या रंगावर जांभळा फासला आणि भिंग लावून, फूटपट्टी आणि कंपासनं मापं घेऊन आयव्हीचा प्रत्येक थरकाप जसाच्या तसा उतरवला. एकेक ओघळ ब्रशनं काढायला त्याला अर्धा अर्धा दिवस लागला. पडदे थेल्मानं शिवले. डाव्या बाजूचा फोटोच नव्हता. तिथं फुलं होती आणि खाली गवतासारखं काहीतरी होतं, एवढंच एडविनला आठवत होतं. ती बाजू बेरिलची.

दर गुरुवारी तो इंजिन घेऊन टेकडीवर जाऊ लागला.

"आज कशा आहात?" पहिल्या खेपेला त्यानं विचारलं.

"मरतेय. तुम्ही?"

"बरा आहे."

"चला, दोघांतल्या एकाचं तरी बरं चाललंय. तो पांढरा इकडे द्या."

ती एक पाकळी काढी, थांबे, श्वास घेई, दुसरी काढी. एका गुरुवारी तीन फुलं झाली, एका गुरुवारी एकच. एडविन शेजारी ब्रश धरून बसे आणि काही सुचवायला जाई.

"हे देठ जरा..."

"ग्रिमशॉ, या देठाला नावं ठेवायला, मी नसेन तेव्हा या."

पाच आठवड्यांत डावी बाजू भरली. तेव्हा नवीच अडचण दिसली. रंग कोरा करकरीत होता. हर्बर्टच्या इंजिनावर दोन वर्षांच्या रविवारांची काजळी होती. ती आणायची तर इंजिन पेटवून चांगलं चार तास पळवायला हवं. एडविनच्या अंगणात चालवलं असतं, तर मागच्या गल्लीतून हर्बर्टला धूर दिसला असता. इंजिनवाल्यांच्या क्लबात नेलं असतं, तर दुपारपर्यंत गावभर झालं असतं.

"इथं चालवा," बेरिल म्हणाली. "इथलं कुणी बाहेर सांगायला जात नाही."

सिस्टर ब्रॅनिगननी रुग्णांची करमणूक म्हणून परवानगी दिली. नोव्हेंबरातल्या एका सकाळी एडविननं गाडीतून चाळीस फूट रूळ आणले, खिडकीसमोरच्या फरसबंद अंगणात गोल मांडले आणि इंजिन पेटवलं. इंजिन सुरेख चालत होतं. बेरिल खिडकीत बसून बघत होती. एवढ्यात वारा फिरला आणि सगळा धूर दोन नंबरच्या वॉर्डात उघड्या खिडक्यांतून शिरला.

धोक्याची घंटा वाजली. एकदा ती वाजली की ती थांबवणं सिस्टरच्या हाती नव्हतं. नियमाप्रमाणे सगळ्यांना बाहेर काढणं भाग होतं. अकरा रुग्ण पलंगांसकट, सलाइनच्या बाटल्यांसकट, घोंगड्या पांघरून अंगणात आणले गेले. बारीक पाऊस पडत होता. नर्सनी छत्र्या धरल्या. पाचव्या मिनिटाला अग्निशमन दलाच्या दोन गाड्या आल्या. पुढच्या गाडीतला जवान धावत आला, अकरा पलंग आणि अकरा छत्र्या पाहून थबकला आणि त्यानं शिरस्त्राण काढून छातीशी धरलं.

"आग कुठंय?" त्यांच्या अधिकाऱ्यानं विचारलं.

सिस्टरनी बोट दाखवलं. जांभळं इंजिन पडदे हलवत त्याच्या बुटांजवळून गेलं.

"हे?"

"हेच."

अधिकाऱ्यानं ते आणखी एक फेरी मारून येईपर्यंत वाट पाहिली. तेव्हा कडेच्या पलंगावरून आवाज आला, "कोळसा ओला आहे."

सगळे वळले. ते मिस्टर डक्वर्थ होते. रेल्वेत इंजिनात कोळसा टाकण्यात त्यांचा जन्म गेला होता. इथं आल्यापासून तीन आठवडे त्यांनी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. त्यांची मुलगी पाणी प्यायला आत गेली होती, ती धावत आली.

"बाबा, काय म्हणालात?"

पण मिस्टर डक्वर्थना जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. शनिवारी ते गेले. त्यांचे शेवटचे शब्द काय होते, हे त्या मुलीला पुढे प्रार्थनास्थळात सगळ्यांना सांगावं लागलं.

सोमवारी एडविनला शुश्रूषागृहाचं पत्र आलं. भाषा सौम्य होती. आपण पुन्हा इकडे यावं, पण फक्त रुग्ण म्हणून, असा मथितार्थ होता.

काजळी उत्तम बसली होती. पण डाव्या बाजूला, भट्टीपाशी, उष्णतेनं रंगाला फोड येऊन बेरिलची तीन फुलं उकलली होती. एडविनला तिकडे पाऊल टाकायची सोय नव्हती. त्या गुरुवारी थेल्मानं इंजिन भाजीच्या चाकांच्या पिशवीत घातलं, वर कोबीचा गड्डा ठेवला आणि टेकडी चढली. ती तीन तासांनी परत आली.

"दोन झाली," ती म्हणाली. "तिसऱ्याला हात उचलेना. म्हणाली, पुढच्या गुरुवारी."

"कशी आहे?"

"विचारलं मी. म्हणाली, आता थोडंच राहिलंय, फुलाचं नाही म्हणत मी."

बेरिल मंगळवारी गेली. सिस्टरनीच फोन करून कळवलं. फोन ठेवून एडविन शेडमध्ये गेला. पांढरा रंग होता, ब्रश होता, एक फूल काढायचं होतं. तो तासभर बसला आणि ब्रश तसाच पुसून ठेवला. एवढा ढळढळीत फोड त्यानं जन्मात पहिल्यांदा सोडला.

शुक्रवारी हर्बर्ट आला. बर्मिंगहॅमचा भाग आता कुणाच्याच तोंडी नव्हता. तो इंजिनासमोर उभा राहिला.

"रंग तसाच आहे," तो म्हणाला.

"हो."

"चार महिने तुझ्याकडे होतं."

"हो."

"आणि तू रंगाला हात लावला नाहीस."

एडविननं फडकं उचलून हात पुसले. हर्बर्ट स्टुलावर बसला. त्याचे खांदे खाली आले.

"मला वाटलं होतं, तुझ्यानं राहवणार नाही," तो म्हणाला.

त्यानं इंजिन वळवून डावी बाजू आपल्याकडे केली, चष्मा चढवला आणि खालच्या कडेशी नाक नेलं. अंगठ्यानं काजळी पुसली. पुढे सरकून पुन्हा पुसली. मग कडेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसत गेला.

"इथं लिहिलेलं होतं," तो म्हणाला.

"काय लिहिलेलं?"

"बारीक अक्षरात. काजळीखाली."

एडविननं दुसरं स्टूल ओढलं आणि एका दमात सगळं सांगितलं: पत्री, वर्तमानपत्र, अकरा हात, फूटपट्टी, बेरिल, छत्र्या. हर्बर्टनं गिऱ्हाइकाची मागणी ऐकावी तसं ऐकून घेतलं.

"म्हणजे खरवडलंस."

"हो."

"अक्षरंसुद्धा."

"मी वाचली नाहीत, हर्बर्ट. मला ते गवत वाटलं."

"'एकेचाळीस वर्षं यालाच बघत होतास,'" हर्बर्ट म्हणाला. "'आता मला बघ.' असं होतं ते गवत."

शेडच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. थेल्मा चहा घेऊन आली, कप ठेवले, हर्बर्टच्या तोंडाकडे पाहिलं आणि आल्या पावली परत गेली.

"दोन वर्षं बघितलं," हर्बर्ट म्हणाला. "जेवायला बसलो की समोर. ती म्हणाली होती म्हणून रोज बघितलं. दोनदा पत्री घेऊन बसलोही होतो. हात होईना. मग मनात आलं, एडविनकडे द्यावं. त्याला वाईट रंग बघवत नाही. त्यानं काढला तर तो त्यानं काढला, मी नव्हे."

"मला सांगायचंस तरी."

"काय सांगू? बायकोचा शेवटचा शब्द जरा पुसून दे, असं?"

चहा गार होत होता. शेवटी एडविन म्हणाला, "पुन्हा हिरवं करून देतो. पाच आठवडे लागतील." म्हणताना त्याचं लक्ष बेरिलच्या फुलांकडे होतं, आणि आवाजात काही दम नव्हता.

हर्बर्टही फुलांकडेच बघत होता.

"ही त्या केकवालीची?"

"हो. मंगळवारी गेली."

"तिनं काही लिहिलंय?"

"नाही."

"कुठंच?"

"कुठंच नाही. तिला तुझं नावही ठाऊक नव्हतं."

हर्बर्टनं भट्टीपाशी बोट नेलं, फोडावरून हलकेच फिरवलं आणि काढून घेतलं.

"चांगली आहेत," तो म्हणाला. "नुसती फुलं आहेत."

"हो."

"मग राहू दे."

त्यानं घोंगडी पसरली आणि इंजिन त्यावर आडवं ठेवलं. गुंडाळायच्या आधी एकदा उलटवून उजवी बाजू पाहिली, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"ही तू केलीस."

"कळतं?" एडविननं विचारलं.

"पाकळ्या मोजल्यासारख्या दिसतात," हर्बर्ट म्हणाला. त्यानं घोंगडी घट्ट आवळली आणि इंजिन छातीशी उचलून घेतलं. "वाईट वाटून घेऊ नकोस. ही भिंतीकडे ठेवीन."